गरम मोहाचं वजन

२१ मार्च

वहीबाई, रागावू नका, फार उशिरा लिहायला बसलो. धानाचा तोल संपला तेव्हा शेवटचं लिहिलं होतं आणि आता मोहाची फुलं गळायला लागली. मध्ये लिहिण्यासारखं काही घडलं नाही. एक दाढ पडली, तेवढीच. पण आज जे ऐकलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बायकोला, गुणाबाईला, सांगायला गेलो तर ती म्हणाली, "तुमाले कोनती गोष्ट पचली हाये आजपावतो?" आणि शेण काढायला निघून गेली.

झालं असं की सकाळी नीलिमा मॅडम घरी आल्या. मॅडम कोरपन्याकडच्या. आमच्या शाळेत सहावी ते आठवी त्या एकट्याच सांभाळतात. म्हणाल्या, "काका, तुमचा तराजू एक तास पाहिजे. आणि तराजूसोबत तुम्ही पण." मी ग्रामसभेचा मापारी. गावातून मोह, चारोळी, धान, जे काही विकायला बाहेर जातं ते आधी माझ्या तराजूवर चढतं. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे वर्गात शिरलो तो दबकतच. मागच्या भिंतीला टेकून बसलो.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि पोरांकडून म्हणून घेतलं, ई इज इक्वल टू एम सी स्क्वेअर. म्हणाल्या, वस्तुमान आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. एखाद्या वस्तूत ऊर्जा वाढली की तिचं वस्तुमानही वाढतं. थंड पाण्यापेक्षा तेच पाणी गरम केलं की जड. उतरलेल्या मोबाईलपेक्षा चार्ज केलेला मोबाईल जड.

आमच्या ग्रामसभेचे अध्यक्ष जंगूभाऊ, त्यांची नात दीपाली म्हणाली, "मंग मॅडम, रातभर चार्जिंगले लावला तं खिसा फाटन ना!"

पोरं हसली. मी नाही हसलो. गरम ते जड! आणि मी मापारी!

२४ मार्च

तीन वेळा उठून तराजू पाहून आलो. तराजूत काही खोट नाही. खोट उन्हात आहे. कोणी सकाळी सावलीतला थंड मोह आणतं, कोणी दुपारी अंगणातून तापलेला मोह सरळ पाटीत भरून आणतं. मी दोघांना एकाच वजनाने तोलतो. म्हणजे दुपारवाल्याचा फायदा, सकाळवालीचं नुकसान.

मॅडमना रस्त्यात गाठून विचारलं, "फरक किती पडते जी?" त्या हसून म्हणाल्या, "काका, थोडा. म्हणजे फारच थोडा." त्यांना हसू आलं, पण थोडा हा शब्द मापाऱ्याला विचारून पाहा. थोड्या-थोड्यातूनच भांडणं होतात.

शेवटी जंगूभाऊंकडे गेलो. जंगलातला एकेक माणूस त्यांचा शब्द मानतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग का करावं म्हनता?"

"सगळ्यायनं मोह सावलीत निववून आनावा. गरम मोह जड भरते, म्हनून गरम कोनी आनू नये."

त्यांनी संध्याकाळी चौकात तसं जाहीर करवलं. मला हायसं वाटलं. आज चांगला जेवलो.

२९ मार्च

जेवलो तेच चुकलं.

आज तोल होता. सकाळी उठलो तर गावभर धूर. वाटलं जंगलाला आग लागली. पाहतो तर प्रत्येक चुलीवर कढई आणि प्रत्येक कढईत मोह! जाहीर केलं होतं की गरम मोह जड भरतो म्हणून आणू नका. लोकांनी पुढचं ऐकलंच नाही. गरम मोह जड भरतो, एवढं ऐकलं आणि कामाला लागले.

आणि आणायची तऱ्हा काय सांगू! वाटेत निवू नये म्हणून पाट्या गोधडीत गुंडाळलेल्या. बायका बाळंतिणीसारख्या जपून आणत होत्या. बुधरीनं, म्हणजे जंगूभाऊंच्या बायकोनं, आपली पाटी स्वेटर घालून आणली. जंगूभाऊ ओरडले, "अवो, तो माया स्वेटर हाये!" ती म्हणाली, "मंग तुमाले का थंडी वाजते काय एवढ्या उन्हात?"

तोलायला लागलो. पहिली पाटी कमी भरली. दुसरी त्याहून कमी. रोज पाहून पाहून प्रत्येकाला आपल्या पाटीचा अंदाज असतो. ओरडा सुरू झाला. आणि सगळ्यात कमी भरली ती गुणाबाईची. तिनं सगळ्यात जास्त भाजला होता. अर्धा तर काळाच झाला होता.

"मॅडमनं शिकवलं ना गरम केलं का वाढते म्हनून? मंग घटला काऊन?"

"मले नको विचारू, मॅडमले विचार."

"तिलेच विचारतो," गुणाबाई म्हणाली, आणि पाटी तिथेच ठेवून शाळेच्या दिशेने निघाली. तिच्या मागे सगळा गाव. मी तराजूजवळ एकटाच उरलो. आता मॅडमचं, त्या पोरीचं, काय होईल, याचीच काळजी.

२ एप्रिल

ग्रामसभा बसली. मॅडमना मध्ये खुर्ची दिली, पण त्या खाली सतरंजीवर बसल्या.

जंगूभाऊंनी विचारलं, "हे गरम ते जड, असं पयले कोनं सांगतलं?"

"परदेशात एक शास्त्रज्ञ होते आजोबा, त्यांनी."

"त्याले बोलवा."

"ते वारले. फार वर्षं झाली."

"मंग त्याचा पोरगा असंन ना कोनी?"

बुधरीनं मधेच विचारलं, "त्यानं कधी मोह येचला होता काय?"

"नाही आजी, मोह नसेल वेचला."

"मंग त्याले का मालूम!"

गाव म्हणालं, बरोबर आहे. मॅडम म्हणाल्या, "त्यांचं चुकलेलं नाही आणि तुमचंही चुकलेलं नाही. मला समजावून सांगू द्या."

आमच्या ग्रामसभेत हात मोजत नाहीत. सगळ्यांना पटलं तरच ठराव होतो. एकाला जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं, कितीही वेळा बसायचं. तशी रीत आहे. त्यामुळे ठरलं असं: मॅडमनी गावाला समजावून द्यावं. सगळ्यांना समजलं की प्रश्न मिटला. तोपर्यंत प्रश्न ग्रामसभेत उभा राहील.

एका गावातल्या प्रत्येक माणसाला! आमच्या गावात अजून बसचं वेळापत्रक सगळ्यांना समजलेलं नाही.

५ एप्रिल

मॅडमनी आज प्रयोग केला. आधी म्हणाल्या, "मोह भाजला तेव्हा त्यातलं पाणी वाफ होऊन उडालं, म्हणून घटला. तापवल्यामुळे जे वाढलं, ते उडालेल्या पाण्यापुढे काहीच नाही. आता असं काहीतरी पाहिजे की ज्यातून पाणी उडणार नाही."

गुणाबाईची गुडघे शेकायची रबरी पिशवी आणली. तिच्यात गरम पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, एका पारड्यात पिशवी आणि दुसऱ्यात दगड ठेवून काटा सरळ केला. मग सगळा गाव पिशवी निवायची वाट पाहत बसला. चहा झाला. तंबाखू झाली. पिशवी निवली. काटा जिथल्या तिथे.

"कुठी घटलं?" जंगूभाऊंनी विचारलं.

"घटलं आहे आजोबा. काकांच्या काट्याला ते दिसत नाही, एवढंच."

वहीबाई, हे वाक्य मला फार लागलं. माझ्या काट्याला दिसत नाही! माझ्या काट्याला चिमूटभर तंबाखू दिसते!

मॅडमनी पुढे सांगितलं की तांदळाच्या एका दाण्याचे कोटीभर तुकडे करायचे. त्यातला एक तुकडा, तेवढा फरक पडला. मग कोणीतरी मागून विचारलं, "कोटीभर तुकडे करन कोन?"

जंगूभाऊ म्हणाले, "करून पाहू."

९ एप्रिल

तांदूळ कापायला बसलो त्याला आता चार दिवस होत आले.

पोरांनी फळ्यावर काढलं होतं की दाण्याचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं, असं चोवीस वेळा केलं की कोटीच्या पुढे जातं. चोवीस ऐकून लोकांना उमेद आली. "हे तं सांजपर्यंत होऊन जाते," म्हणत सगळे दाढीचं पातं घेऊन बसले. कामाला जाणाऱ्यांनी जाताना विचारायचं, "कितव्यावर हाये?" आणि येताना पुन्हा विचारायचं.

कोणी चौथ्यावर अडलं, कोणी पाचव्यावर. सहाव्यानंतर पातं जाड आणि तुकडा बारीक होतो. बुधरी सातव्यापर्यंत पोचली. सगळे श्वास धरून वाकून पाहत होते. नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

मी मुद्दाम शिंकलो नाही. मला धुळीचा त्रास आहे. पण बुधरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दिवसभर घराबाहेर पडलो नाही.

संध्याकाळी जंगूभाऊ आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सातव्यातच दिसेना झालं भाऊ. आनि अजून सतरा बाकी. एवढंसं असते तं." त्यांना समजलं असावं. मला मात्र शिंकेचीच काळजी लागून राहिली आहे.

१२ एप्रिल

धनराज आला. माझा पोरगा. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर ठेकेदाराकडे काम करतो. आला तेव्हा अंगणात मॅडम, गुणाबाई आणि चार बायका बसलेल्या. त्यानं ऐकलं आणि हसत सुटला. म्हणाला, "मॅडम, आमच्या केंद्राचं सांगा ना. आमची बिजली कितीक किलो भरन?"

मॅडमनी पोरांना बोलावून अंगणातच खडूने गणित मांडलं. बरीच शून्यं झाली, तुळशीपर्यंत गेली. शेवटी म्हणाल्या, "सगळे संच वर्षभर न थांबता चालले, तर वर्षाच्या सगळ्या विजेचं वस्तुमान एक किलोच्या आसपास."

धनराजचं हसू गेलं. "एक किलो? ओ मॅडम, मालगाड्याच्या मालगाड्या रिकाम्या करतो आमी. त्या कोळशाचं का मंग?"

"तो राख झाला, धूर झाला. त्याचं रूप बदललं, पण वस्तुमान जवळपास सगळं तसंच राहिलं. अगदी थोडंसं घटलं, आणि तीच उष्णता. त्यातलीही थोडीच वीज होते, बाकीची वाया जाते."

त्यानं माझं एक किलोचं वजन हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहत राहिला. "बाबा, हे एवढंच? एवढ्यासाठी आमी काळे होऊन राह्यलो?" मी म्हटलं, "तुयी नोकरी तं नाई जानार ना याच्यापायी?" मला तीच भीती वाटली. गुणाबाईनं त्याच्या हातातून ते वजन घेतलं, पदराने पुसलं आणि विचारलं, "पोरी, याच्यात सारं चंद्रपूर?" मॅडम म्हणाल्या, "चंद्रपूर, नागपूर, आणि अजून बरंच काही."

तिनं वजन देवाजवळ ठेवून दिलं. आता मला पाच पावशेर जमवून किलो करावा लागेल, असं म्हटलं तर म्हणते, "चार लागतात जी. मापारी म्हने!"

१५ एप्रिल

वाईट झालं. म्हणजे चांगलं झालं, आणि त्यामुळे वाईट झालं.

मॅडमची बदली झाली. कोरपन्यालाच, त्यांच्या घराजवळ. आई आहे, भाऊ आहे, तिकडे बस आहेत, दवाखाना आहे. दुसरी कोणी असती तर पेढे वाटले असते. पण शाळेचा कारभार सोपवायच्या कागदावर गावाची तक्रार नाही असं लिहून सही लागते, आणि जंगूभाऊ म्हणाले, "माय, गावाचा प्रश्न उभा हाये. तो मिटला का खुशाल जा. अर्धा ठेवून कोनी जात नाई."

मॅडम म्हणाल्या, "बरं आजोबा," आणि शाळेमागे गेल्या. मी काळजीने पाहायला गेलो. बिचारी दुधीभोपळ्याचा वेल लावत होती. दुःखात माणसाला काय करावं ते सुचत नाही. वेलाला फळ धरायला किती महिने लागतात, याचंही तिला भान नव्हतं.

हे सगळं माझ्यामुळे. मी ते जाहीर करायला सांगितलं नसतं तर पोरगी आज आईजवळ असती.

१९ एप्रिल

पुन्हा ग्रामसभा. जंगूभाऊंनी एकेकाला विचारलं. समजलं. समजलं. बुधरी म्हणाली, समजलं, तुमच्या मापाऱ्याले शिंकू नका देऊ म्हनजे झालं. माझ्या जिवात जीव आला. शेवटी गुणाबाईची पाळी आली.

"मले नाई समजलं," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी तिच्या विनवण्या केल्या. "अवो, हो म्हन ना. पोरगी अडकून राह्यली."

"समजल्याबिगर हो कशी म्हनू? गावासमोर खोटं बोलू काय?"

"पन तुले समजत काऊन नाई? मॅडम रोज सांगून राह्यल्या!"

"मंग रोज सांगू दे. तुमचं का जाते?"

खरंच रोज सांगतात. गुणाबाई आता सकाळी मोह वेचून आली की टोपली शाळेतच घेऊन जाते, आणि तिच्यामागे बाकीच्या बायका. आठवीची पोरं पुढे, बायका मागे. ती मूठभर मोह रोज माझ्या तराजूत टाकून पाहते. म्हणते, वजन घटायचं थांबलं की मोह खरा वाळला, मग भरून ठेवायचा, बुरशी लागत नाही. आता सगळ्या तसंच करतात. हे सगळं येतं, पण एम सी स्क्वेअर तेवढं येत नाही!

आज मॅडमनी वर्ग सुटताना तिला विचारलं, "काकू, अजून नाही ना समजलं?"

"नाई ना जी पोरी."

"मग उद्या परत सांगते."

मॅडमचा धीर मोठा. त्या तर हसत होत्या. गुणाबाईच्या डोळ्यात काहीतरी गेलं असावं, तिचा एकच डोळा मिटला. धुळीचं मी म्हणतो ते खोटं नाही.

२३ एप्रिल

आज जे ऐकलं ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

पहाटे पाटी विसरली म्हणून गुणाबाईच्या मागे मोहाच्या झाडाकडे गेलो. ती आणि बुधरी खाली वाकून वेचत होत्या. गुणाबाई बोलत होती, आणि काय बोलत होती!

"तापवलं का जड होते बाई, पन एवढंसं का कोन्या मापाऱ्याच्या बापाले दिसनार नाई. आपला मोह हलका झाला तो पानी उडालं म्हनून. आनि हे वजन म्हनजेच साठून बसलेली ताकद. प्रकाशाचा येग त्याच्यानंच गुनला म्हनून थोड्याशा वजनात एवढी ताकद निघते. कोळसा जळते तं त्याच्यातली चिमूटभरच सुटते."

"मंग ग्रामसभेत का होते तुले?" बुधरीनं विचारलं.

"गप बस. टोपली भर."

आणि दोघी हसायला लागल्या, इतक्या की बुधरी झाडाला धरून उभी राहिली.

मी पाटी तिथेच ठेवून परत आलो. हिला सगळं समजलेलं आहे! माझ्याहून चांगलं समजलेलं आहे. आणि ग्रामसभेत नाही म्हणते. ग्रामसभेत खोटं बोलणं म्हणजे काय, हे हिला माहीत नाही का? कोणाला कळलं तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि हे सगळं कशासाठी? जळलेल्या मोहाचा राग एवढा?

२४ एप्रिल

रात्रभर तळमळून सकाळी मॅडमकडे गेलो. म्हटलं, "मॅडम, तुमी सुटल्या. गुणाबाईले समजलं हाये. मी माया कानानं ऐकलं. जंगूभाऊले सांगून देतो."

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, हे अजून कोणाला बोललात का?"

"नाई."

"बोलू नका. तुम्हाला माझी शपथ आहे."

वहीबाई, केवढं मोठं मन! स्वतः अडकून पडल्या तरी चालेल, पण गुणाबाईची गावात नाचक्की होऊ नये. मी घरी येऊन गुणाबाईला म्हटलं, "त्या पोरीकडून काही शिक." ती म्हणाली, "तेच तं करून राह्यली."

३० एप्रिल

आजचं आजच लिहितो.

सत्राचा शेवटचा दिवस. तालुक्याहून साहेब आले. माणूस भला आहे, घाईत होता. म्हणाले, कोरपन्याची शाळा वाट पाहते आहे, आज सही झाली तर मॅडमना मोकळं करता येईल, नाही झाली तर मला वर कळवावं लागेल की गाव सोडत नाही. जंगूभाऊंनी पुन्हा एकेकाला विचारलं. सगळे समजलं म्हणाले, पण आवाज मयतीला आल्यासारखा. मॅडम सतरंजीवर बोटाने रेघा काढत होत्या.

गुणाबाई म्हणाली, "मले नाई समजलं."

साहेब माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही यांचे मालक ना? तुम्ही सांगा समजावून. घरच्या भाषेत सांगा."

मला कधी कोणी असं चारचौघांत बोलायला सांगितलं नव्हतं. उभा राहिलो. म्हटलं, "हे पाह्य, ऊर्जा म्हनजे गरमी. गरमी आत शिरली का वजन वाढते. तं मोह भाजला का गरमीचं वजन होते, आनि मोहाचं वजन वाफ होऊन त्याचा प्रकाश होते, प्रकाशाचा वर्ग होते, आनि..."

"नाई जी!" गुणाबाई उठलीच. "किती डाव सांगू तुमाले! वाफेचा प्रकाश कशाला होईन? वाफ म्हनजे पानीच, त्याचं वजन त्याच्याजवळच राह्यते. गरमीनं जे वाढते ते येगळं, ते कोटी तुकड्यातलं एक..." आणि ती थांबली. तोंडावर पदर घेतला.

जंगूभाऊ खाली पाहत म्हणाले, "मंग समजलंच म्हनायचं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या दिवसांनी घरी जायला मिळणार, भरून येणारच. गुणाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे असं कधीच पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

तेवढ्यात जंगूभाऊ म्हणाले, "थांबा साहेब. मुखरूभाऊ राह्यले."

मुखरू म्हणजे मी, आणि मापाऱ्याला ग्रामसभेत कोणी मत विचारत नाही. तोलणाऱ्याने कोणत्याच बाजूला नसावं, म्हणून. तरी त्यांनी विचारलं, "मुखरूभाऊ, तुमाले समजलं काय?"

वहीबाई, मी हो म्हणणार होतो. देवाशपथ. हो म्हटलं असतं तर पोरगी सुटली असती, गुणाबाईचं खोटं झाकलं गेलं असतं, साहेबांना उशीर झाला नसता. हो तोंडात आला होता. पण गावासमोर उभं राहून खोटं कसं बोलू? आणि खरं म्हणजे एक गोष्ट मला खात होती.

"नाई," मी म्हटलं. "मले नाई समजलं. एका दान्यात एवढी ताकद हाये, गाव चालन, शहर चालन, सारं मान्य. मंग तांदूळ गप काऊन बसते? माया घरात पायलीभर तांदूळ पडून हाये. त्यातला एक दाना साधा हलत नाई. त्याले कोनं धरून ठेवलं?"

सगळा गाव एकदम ओरडला. पोरं नाचायला लागली, बुधरी टाळ्या वाजवायला लागली, जंगूभाऊंनी पागोटं काढून मांडीवर आपटलं. सगळे मला हसत होते. मी मान खाली घालून बसून राहिलो. साहेबांनी टोपण परत लावलं. तेही हसत होते. म्हणाले, "आजोबा, हा प्रश्न मलाही पडला नव्हता."

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि वाकून पाया पडल्या. त्या रडत होत्या. मी म्हटलं, "माफ करजा पोरी, तुमाले अजून अडकवलं." त्या रडता रडता हसायला लागल्या.

संध्याकाळी गुणाबाईनं न मागता चहा दिला. मोठ्या कपात. मी विचारलं, "रागावली काय?" ती म्हणाली, "तुमी असेच राहा."

याचा अर्थही मला समजला नाही.

१८ जून

मे महिन्यात लिहायला काही नव्हतं. मॅडम साहेबांच्या गाडीतून मोठ्या ऑफिसात गेल्या. सोबत ग्रामसभेचा कागद: प्रश्न मिटला नाही, मॅडमनी पुन्हा येऊन समजावून द्यावं. मॅडमनी स्वतःचाही एक अर्ज जोडला आहे म्हणे. त्यात माझी तक्रार असणार, आणि असायलाच हवी. जाताना मात्र म्हणाल्या, "येते काका." तिकडून अजून काहीच कळलेलं नाही. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले. गुणाबाई रोज बसच्या वेळेला काही ना काही काम काढून रस्त्यावर उभी असते. काय पाहते, विचारलं तर म्हणते, ढग.

मी तांदळाजवळ बसतो. एक दाणा हातावर घेतो. तो गप्प. मीही गप्प. ही गोष्ट भीतीची आहे की चांगली, तेच ठरवता येत नाही. एवढं बळ अंगात असून जो कोणाला काही करत नाही, त्याला शहाणा म्हणावं की आळशी?

धनराज पुन्हा आला होता, उद्या ऊर्जानगरला परत जाणार आहे. टेकडीपलीकडे गेलं की त्याच्या मोबाईलला रेंज येते. तिथून त्याने मॅडमना फोनवर काय सांगायचं ते इथे आधी लिहून पाहतो, म्हणजे ऐन वेळी घोटाळा होणार नाही.

मॅडम, मी मुखरू, मापारी. तुमची माझ्यावर जी तक्रार असेल ती कबूल. कोरपन्याला राहायचं ठरलं असेल तर आईजवळ सुखाने राहा, आम्ही मनात काही धरणार नाही. पण तांदूळ गप्प का बसतो ते सांगायचं राहिलं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाकडून मला समजणार नाही. या, किंवा येत नाही म्हणा. गुणाबाईचं रस्त्यावर उभं राहणं मला पाहवत नाही. काय ठरलं ते लवकर कळवा.